नमुना विकत घेतला, पण तो कुठवर आपला?
गोधडीची डिझाइनं, कॉपीराइट आणि आपला गट

ताईंनो, धानाची कापणी-मळणी आटोपली की आपल्या सडक अर्जुनी तालुक्यात हात जरा मोकळे होतात. थंडीही तेव्हाच अंगावर येते. मग पेटीतली जुनी लुगडी, धोतरं, चादरी बाहेर निघतात आणि परसात गोधडी पसरली जाते. आतापर्यंत ही गोधडी घरच्यासाठी होती. लेकीच्या बाळंतपणाला एक, पाहुण्यांना दोन. आता मात्र कितीतरी गट गोधड्या, बाळाची दुपटी, उशांचे अभ्रे, पिशव्या शिवून विकतात. प्रदर्शनात स्टॉल लावतात, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून ऑर्डर घेतात.

विक्री आली की नवं डिझाइन हवं. ते कुठून येतं? कोणी नागपूरहून पुस्तक आणते, कोणी मोबाइलवर पैसे भरून नमुना उतरवून घेते, कोणी व्हिडिओ बघून शिकते. आणि मग बैठकीत हमखास प्रश्न निघतो: "अगं, पैसे देऊन घेतलाय ना नमुना? मग त्याच्या झेरॉक्स काढून साऱ्याजणींना वाटल्या तर काय बिघडलं? आणि त्यावरून शिवून विकलं तर कोण विचारणार?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर माहीत नसेल तर दोन्हीकडून नुकसान होतं. एक तर न कळत दुसऱ्याच्या हक्कावर पाय पडतो आणि मोठी ऑर्डर हातची जाते. दुसरं असं की, आपणच काढलेलं डिझाइन दुसरा कोणी उचलून नेतो आणि आपल्याला बोलता येत नाही. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

कागद आपला, डिझाइन तिचं

आपण बाजारातून पुस्तक विकत आणलं, तर ते पुस्तक आपलं. ते वाचावं, शेजारणीला द्यावं, जुनं झालं की विकावं, कोणी अडवत नाही. पण त्यातलं चित्र ज्या बाईनं डोकं लावून काढलं, त्या चित्राच्या आणखी प्रती काढण्याचा हक्क तिच्याकडेच राहतो. आपण कागदाचे पैसे दिले, हक्काचे नाही.

शेतीचं उदाहरण घ्या. हंगामापुरता बैल भाड्यानं आणला तर नांगरणी आपली, पण बैल मालकाचाच. आपण तो विकू शकत नाही. तसंच काहीसं इथं आहे.

या हक्कालाच कॉपीराइट म्हणतात. मराठीत प्रताधिकार किंवा स्वामित्वहक्क असंही लिहितात. आपल्या देशात त्यासाठी १९५७ चा कायदा आहे. चित्र, नक्षी, आराखडा, लेख, फोटो, गाणं, सिनेमा हे सगळं त्यात येतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, हा हक्क मिळवायला नोंदणी सक्तीची नाही. चित्र कागदावर उतरलं की हक्क तयार झाला. म्हणून "त्यावर कुठे शिक्का नव्हता" हे उत्तर चालत नाही.

दुसरी, तो हक्क काढणारी जिवंत असेपर्यंत आणि तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे १९६० साली वारलेल्या चित्रकाराची चित्रं २०२१ पासून सगळ्यांना मोकळी झाली.

तिसरी, नमुना परदेशातला असला म्हणून तो फुकट होत नाही. जगातल्या बहुतेक देशांनी एकमेकांच्या कलाकारांचे हक्क जपायचा करार केलेला आहे आणि भारत त्यात आहे.

मग आजीची गोधडी कोणाची?

इथं घाबरून जाऊ नका. सगळंच कोणाच्या तरी मालकीचं नसतं.

चौकोन, त्रिकोण, चांदणी, एकात एक चौकटी, काठाला चारी बाजूंनी धावदोरा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तुमची आजी शिवायची, तिची आजीही शिवायची. त्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. कोणी छापील पुस्तकात ते घातलं म्हणून ती चांदणी त्याची होत नाही. त्यानं लिहिलेला मजकूर आणि स्वतः काढलेली चित्रं तेवढी त्याची.

तसंच नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. कल्पना ज्या रूपात मांडली, त्या रूपावर असतो. आपल्या गोंदिया जिल्ह्याचा सारस पक्षी घ्या. "गोधडीवर सारसाची जोडी काढायची" ही कल्पना कोणाच्याही मनात येऊ शकते. सारस काही कोणाच्या बापाचा नाही. पण एखाद्या ताईनं स्वतः कागदावर सारसाची जोडी काढली, मान कशी वळवायची, पाय कुठं, भोवती धानाच्या लोंब्या कशा, हे ठरवलं, तर ते चित्र तिचं. दुसरीनं आपल्या मनानं वेगळा सारस काढला तर चालतो. तिच्याच चित्रावर कार्बन ठेवून उतरवला तर चालत नाही.

टाके, शिवण्याची पद्धत, कापड जोडायची युक्ती हेही कॉपीराइटमध्ये येत नाही. कोणाकडून टाका शिकलात तर तो तुमच्या हातचा झाला.

रास्त वापर म्हणजे काय?

कायद्यानं काही वापराला सूट दिली आहे. कलम ५२ मध्ये त्याची मोठी यादी आहे. आपल्या कामाच्या दोन सुटी अशा.

एक, स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेला रास्त वापर. विकत आणलेला नमुना फाटू नये म्हणून त्याची एक प्रत काढून त्यावर काम केलं, लहान नमुना मोठा करून घेतला, घरच्या नातवासाठी गोधडी शिवली, तर कोणी काही म्हणणार नाही.

दोन, शिकवताना शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं काढलेली प्रत. याबद्दल एक गाजलेला खटला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातलं झेरॉक्सचं दुकान अभ्यासाच्या पुस्तकांतली पानं एकत्र करून मुलांना देत होतं. मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिक्षणाच्या बाजूनं निकाल दिला. पण त्यावरून आपण ओढूनताणून अर्थ काढू नये. प्रशिक्षणाच्या दिवशी एखादं पान समजावण्यापुरतं दाखवणं वेगळं आणि अख्खं पुस्तक झेरॉक्स करून वीस गटांना पन्नास-पन्नास रुपयांना विकणं वेगळं. दुसऱ्याला शिक्षण म्हणत नाहीत, धंदा म्हणतात.

मोबाइलवर कधी कधी अमेरिकेतल्या "फेअर यूज"ची माहिती येते. तो त्यांचा कायदा. तिथं न्यायालय चार गोष्टी तोलून ठरवतं. आपल्याकडे सुटी यादीनं दिल्या आहेत. त्यामुळे "इतके टक्के बदल केला की चालतं", "तीन गोष्टी बदलल्या की आपलं" असली वाक्यं ऐकलीत तर विश्वास ठेवू नका. असा कुठलाही आकडा आपल्या कायद्यात नाही.

चालतं आणि चालत नाही

बैठकीत मोठ्यानं वाचता येईल असं थोडक्यात सांगते.

चालतं:
- विकत घेतलेल्या नमुन्यावरून घरासाठी, भेट देण्यासाठी गोधडी शिवणं.
- मूळ पुस्तक मैत्रिणीला वाचायला देणं, गटाच्या पेटीत ठेवून आळीपाळीनं वापरणं.
- व्हिडिओ बघून टाका शिकणं आणि तो आपल्या मालात वापरणं.
- जुन्या, परंपरेच्या नक्षीची गोधडी शिवून विकणं.

चालत नाही:
- पुस्तकाच्या किंवा उतरवून घेतलेल्या नमुन्याच्या झेरॉक्स काढून वाटणं किंवा विकणं.
- पैसे भरून घेतलेली फाइल सगळ्या गटांच्या व्हॉट्सअॅपवर टाकणं. "मी फक्त पुढं पाठवली" म्हटलं तरी ती प्रतच झाली.
- दुसऱ्याच्या गोधडीचा फोटो आपला म्हणून जाहिरातीत लावणं. फोटोवरही फोटो काढणाऱ्याचा हक्क असतो.
- दुसऱ्याच्या खास चित्राची हुबेहूब नक्कल विकायला काढणं.

झेरॉक्सबद्दल सोपा उपाय आहे. पाच गटांना नमुना हवा असेल तर वर्गणी करून पाच प्रती विकत घ्या. नाहीतर एकच पुस्तक ग्रामसंघात ठेवा आणि नोंदवहीत लिहून आळीपाळीनं न्या.

विकायचं असेल तर अटी वाचा

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. बरेच विकतचे नमुने एक ओळ छापून येतात: "केवळ वैयक्तिक वापरासाठी". ही ओळ बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरात, शेवटच्या पानावर असते. तिचा अर्थ, यावरून शिवून विकायचं नाही. काहीजण उलट लिहितात, "लहान उद्योगांनी शिवून विकायला हरकत नाही, फक्त नाव द्या", किंवा "वर्षाला इतके नगच". ती परवानगी आपल्याला हवी असते. म्हणून पैसे भरण्याआधी अट वाचा. इंग्रजी येत नसेल तर मुलीला, सीआरपी ताईला, शाळेतल्या बाईंना वाचायला सांगा.

अट काहीच लिहिलेली नसेल तर विचारा. निरोप असा पाठवता येईल:

"नमस्कार. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या महिला बचत गटाच्या सदस्य आहोत. आपला अमुक नमुना आम्ही विकत घेतला आहे. त्यावरून २० गोधड्या हातानं शिवून प्रदर्शनात विकायची इच्छा आहे. मालावर आपलं नाव देऊ. आपली परवानगी आहे का, आणि काही शुल्क आहे का, ते कळवावे."

आलेलं उत्तर पुसू नका. त्याचा कागद काढून फाइलला लावा. तोंडी "हो चालेल" याला उद्या पुरावा नसतो. विचारायला पैसे लागत नाहीत. नाही म्हटलं तर दुसरा नमुना.

कार्टूनचं मात्र नीट ऐका. बाळाच्या दुपट्यावर छोटा भीम, डोरेमॉन, मिकी माऊस काढला की माल हातोहात जातो, हे खरं. पण ही चित्रं कंपन्यांची आहेत आणि त्यांची नावं ट्रेडमार्क म्हणूनही जपलेली असतात. कंपनीचं अधिकृत छापील कापड दुकानातून आणून दुपटं शिवणं ही एक गोष्ट. स्वतः चित्र उतरवून पन्नास दुपटी विकणं ही दुसरी. दुसरीच्या वाटेला जाऊ नका. मोर काढा, बैलजोडी काढा, मोहाचं फूल काढा. ते सगळ्यांचं आहे.

जाणूनबुजून हक्क मोडला तर कायद्यात ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्याच्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. प्रत्येक गोधडीमागं पोलीस येतील असं नाही. पण मोठा खरेदीदार ऑर्डर देण्याआधी विचारतो, "डिझाइन कोणाचं?" त्या वेळी उत्तर नसेल तर ऑर्डर जाते, हे नुकसान जास्त जवळचं आहे.

आता आपल्या डिझाइनचं बघू

इथपर्यंत दुसऱ्याच्या हक्काचं बोललो. पण ताईंनो, हा कायदा आपल्याही बाजूचा आहे. तुम्ही स्वतः काढलेली नक्षी तुमची आहे, तुम्ही सही अंगठ्यानं करत असाल तरी.

फक्त एक बारकावा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ म्हणतं, की ज्या डिझाइनची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं त्याचे ५० हून जास्त नग औद्योगिक पद्धतीनं काढले, त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. याच कलमावर दिल्ली उच्च न्यायालयात दोन खटले गाजले. एकात सोफ्याचं नक्षीदार कापड बनवणारी मायक्रोफायबर्स ही अमेरिकी कंपनी होती. तिनं डिझाइनची नोंदणी केली नव्हती आणि माल मात्र भरपूर काढला होता. २००९ मध्ये तिला कॉपीराइटचं संरक्षण मिळालं नाही. दुसऱ्यात तरुण तहिलियानी या कपड्यांच्या डिझायनरची कंपनी होती. तिचे कपडे ५० पेक्षा कमी निघाले होते. २००८ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला.

आपण यातून काय घ्यायचं? एखादं डिझाइन यंत्रावर मोठ्या संख्येनं काढायचं असेल, तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली त्याची नोंदणी करा. ती आधी १० वर्षांसाठी मिळते आणि पुढं ५ वर्षं वाढवता येते. पण डिझाइन नवं असावं लागतं, आधी कुठं उघड झालेलं चालत नाही. म्हणून क्रम असा: आधी अर्ज, मग प्रदर्शन, मग व्हॉट्सअॅप. आपण नेमकं उलट करतो.

नोंदणी करायची नसेल तरी एवढं तरी करा. नवी नक्षी काढली की कागदावर तारीख, काढणाऱ्या ताईचं नाव आणि सही. मोबाइलनं फोटो. गटाच्या इतिवृत्तात दोन ओळी: "अमुक ताईंनी सारसाच्या जोडीचं डिझाइन काढलं. गट ते वापरणार आणि प्रत्येक विक्रीमागं ताईंना इतकी रक्कम देणार." गटात वाद होतो तो बहुतेक इथंच. डोकं एकीचं, शिवण दहाजणींची आणि हिशेबात डिझाइनचा रकाना नाही. तो रकाना घाला.

आणि शहरातला कोणी खरेदीदार आला, गोड बोलला, "ताई, डिझाइन आमच्या नावावर करून द्या" म्हणाला, तर घाई करू नका. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. कोणतं डिझाइन, किती वर्षं, कोणत्या भागासाठी, किती मोबदला, हे त्यात हवं. वर्षं लिहिली नसतील तर कायदा ५ वर्षं धरतो. भाग लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. पण "कायमचा, जगभर" असं आधीच छापलेलं असेल तर तेच लागू होतं. म्हणून सही करण्याआधी कागद घरी आणा, बैठकीत वाचा.

परंपरेचं काय?

तुम्ही म्हणाल, आजीची नक्षी सगळ्यांची, तर मग बाहेरची कंपनीही ती उचलणार. हो, आणि हे घडलंय. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या कंपनीनं मिलान शहरात कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला आपल्या कारागिरांचं नावही घेतलं नाही. महाराष्ट्रातून आरडाओरडा झाला, तेव्हा कंपनीनं भारतीय हस्तकलेवरून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मानांकन एकाच्या नावावर नसतं, त्या भागातल्या साऱ्या कारागिरांचं असतं. बिहारच्या सुजनीला आणि बंगालच्या नक्षी कांथ्याला, म्हणजे आपल्या गोधडीच्या बहिणींनाच, असं मानांकन मिळालेलं आहे.

दूर अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या काळ्या शेतमजूर बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. पुढं त्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. पण गोधड्यांतून कमाई किती आणि शिवणारीला किती, यावर २००७ मध्ये तिथल्या बायकांना कोर्टात जावं लागलं. २००८ मध्ये ते दावे मिटले. गोधडी तिथलीही चिंध्यांचीच होती. किंमत कळल्यावर मात्र आधी लिहून काय ठेवलं होतं, हाच प्रश्न आला.

अडचण आली तर

कोणाची नोटीस आली तर फाडून टाकू नका आणि घाबरून पैसेही देऊ नका. त्या मालाची विक्री तेवढी थांबवा, बिलं आणि परवानगीचे कागद गोळा करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९८७ च्या कायद्यानं तो आपला हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावा.

पुढच्या मासिक बैठकीत तीन कामं करा. गटाकडे असलेले सगळे विकतचे नमुने एकदा काढून त्यावरच्या अटी वाचा. स्वतःच्या डिझाइनची वही सुरू करा. आणि डिझाइन काढणाऱ्या ताईचा वाटा किती, याचा ठराव लिहा.

दुसरीच्या डिझाइनला हात लावताना आधी विचारायची सवय लागली, की आपल्या डिझाइनवर कोणी हात टाकला तर "आधी विचारलं होतंस का?" असं आपणही ताठ मानेनं म्हणू शकू.